रजोनिवृत्तीनंतरचा लेझर: वैद्यक परिषदेला आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई
तसेच राज्यातील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या सर्व संघटनांचे पदाधिकारी

स. न. वि. वि.

पाळी गेल्यानंतर योनीमार्गात येणारा कोरडेपणा, आग, खाज आणि पुन्हा पुन्हा उद्भवणारी लघवीची जळजळ यांवर लेझरचा उपचार आता जिल्ह्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. 'तीन बैठकांत आराम', 'हार्मोन नाही, टाके नाहीत', 'पुन्हा तरुण व्हा' अशा मजकुराची पत्रकं स्त्रियांच्या हाती पडतात, मोबाईलवर चित्रफिती येतात. या उपचाराचा पुरावा जितका कमकुवत, तितकी त्याची जाहिरात ठाम, हे गेली काही वर्षं मी पाहते आहे. हा लेझर पैसे घेऊन विकण्याची पद्धत थांबवा आणि तो संशोधनापुरता ठेवा, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र आहे. त्याची कारणं सविस्तर लिहिते, कारण 'बाईला काय कळतं' म्हणून हे पत्र बाजूला ठेवलं जाऊ नये.

मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेली आहे आणि सांगली जिल्ह्यात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरपलीकडे बाई असली की बायका ज्या गोष्टी बोलतात, त्या त्या डॉक्टरांपुढे बोलत नाहीत. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या येतात. दुसरं गिऱ्हाईक असेल तर डोकेदुखीची गोळी मागून उभ्या राहतात, ते गेलं की आवाज खाली आणतात. 'ताई, खाली नुसती आग होते.' 'लघवीच्या जागी चिरा पडल्यागत वाटतं.' 'मिस्टर जवळ आले की जीव नकोसा होतो, आणि सांगायचं कुणाला?' बहुतेकींनी तोवर घरचे उपाय करून पाहिलेले असतात. कुणी खोबरेल तेल लावलेलं असतं, कुणी कोरफडीचा गर, आणि कितीतरी जणींनी जंतुनाशक घातलेल्या पाण्याने धुऊन धुऊन उरलीसुरली त्वचाही सोलून काढलेली असते. मग त्या खाजेची ट्यूब मागतात. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेली ती ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम असूनही ती सगळीकडे मिळते. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा येरे माझ्या मागल्या.

हा त्रास काय आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून थोडक्यात लिहिते. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, त्यातला रक्तपुरवठा आणि ओलावा घटतो. त्या अस्तरातल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साखरेच्या साठ्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दही लावणाऱ्या जिवाणूंच्याच घराण्यातले जिवाणू, उपासमारीने कमी होतात. एरवी साडेतीन-साडेचारच्या घरात असलेला आम्लतेचा आकडा (पीएच) पाचाच्या वर जातो, म्हणजे आम्लता घटते, आणि संसर्गाला दार उघडं होतं. मूत्रमार्गाचं तोंडही याच हार्मोनवर पोसलेलं असतं, म्हणून लघवीची घाई, जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग. २०१४ मध्ये दोन तज्ज्ञ संघटनांनी या सगळ्याला मिळून 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' असं नाव दिलं. पाळी गेलेल्या जवळपास निम्म्या बायकांना याचा कमीअधिक त्रास होतो. अंगातून वाफा येणं काही वर्षांनी थांबतं. हा त्रास मात्र उपचार केला नाही तर वयाबरोबर वाढत जातो. म्हणजे पन्नाशीत सुरू झालेली आग पंचाहत्तरीपर्यंत सोबत राहू शकते.

एवढ्या मोठ्या आणि इतक्या दडपलेल्या दुखण्यावर कुणी नवं यंत्र काढलं तर त्याचं स्वागतच व्हायला हवं. मिलानमधल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेझरचे पहिले निष्कर्ष छापले, तेव्हा जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आशा वाटली, ती खरीच होती. कल्पना अशी: बोटाएवढी जाड नळी योनीमार्गात घालायची, ती थोडी थोडी फिरवत आणि मागे घेत किरणांचे बारीक ठिपके अस्तरावर सोडायचे. १०,६०० नॅनोमीटरचा हा किरण पेशींतल्या पाण्यात शोषला जातो, तिथे सूक्ष्म भाजतं, मधली त्वचा शाबूत राहते. ती जखम भरताना नवं कोलॅजेन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, तयार होईल, रक्तपुरवठा वाढेल आणि अस्तर पुन्हा जाड होईल, अशी अपेक्षा. पाच-दहा मिनिटांचं काम, महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने तीन वेळा. अर्बियमचा लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रं याच विचारावर चालतात.

सुरुवातीच्या अभ्यासांत बहुतेक बायकांनी 'बरं वाटलं' असं सांगितलं. पण त्या अभ्यासांत तुलनेला कुणी नव्हतं. तुलना का लागते, याचं एक उदाहरण याच दुखण्यातलं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत ३०२ बायकांवर झालेल्या चाचणीत एका गटाला योनीमार्गात ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी, दुसऱ्याला ओलावा टिकवणारं जेल आणि तिसऱ्याला बिनऔषधी गोळी व साधं जेल दिलं. बारा आठवड्यांनी तिन्ही गटांचा सगळ्यात जास्त छळणारा त्रास जवळपास सारखाच कमी झाला होता. कुणीतरी आपल्या दुखण्याची दखल घेतली, नियमित काहीतरी लावलं, पुन्हा पुन्हा विचारपूस झाली, एवढ्यानेही या त्रासात फरक पडतो. म्हणून लेझरची कसोटी एकच: निम्म्या बायकांना खरा लेझर द्यायचा, निम्म्यांना तीच नळी, तेच टेबल, तोच आवाज, पण किरण नाहीत. आणि कुणाला काय मिळालं हे त्या बाईला कळू द्यायचं नाही.

सिडनीमध्ये हे केलं गेलं. त्याचा निकाल ऑक्टोबर २०२१ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. ८५ बायकांना चाचणीत घेऊन बारा महिने पाठपुरावा केला. शंभराच्या मापावर त्रास किती कमी झाला, तर खऱ्या लेझरच्या गटात १७.२ आणि खोट्या लेझरच्या गटात २६.६. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने धरण्याजोगा नाही, त्यामुळे खोटा लेझर चांगला असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या यंत्रासाठी बाई पैसे मोजते, त्या यंत्राने किरणांविना झालेल्या नाटकापेक्षा काडीचाही जास्त आराम दिला नाही. आयुष्याच्या दर्जात फरक नाही. अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तिथेही फरक नाही. आणि नवं अस्तर तयार होतं हाच तर या उपचाराचा मूळ दावा होता! बेल्जियममधल्या लूव्हनच्या चाचणीत, ६० बायकांत, २०२३ मध्ये हेच दिसलं. अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीतही तेच.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर मीही पत्रकवाल्यांसारखीच ठरेन. खोट्या लेझरशी तुलना करून लेझरचा फायदा दाखवणारीही चाचणी आहे. ५८ बायकांवरची, २०२१ मध्येच छापलेली, काही महिन्यांच्या पाठपुराव्याची. इस्ट्रोजेन क्रीमशी तुलना केलेल्या एका अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच दिसले. पण त्यात खोट्या लेझरचा गट नव्हता आणि ठरल्यापेक्षा कमी बायका घेऊन ती थांबवावी लागली. चाचण्यांत गंभीर इजाही फारशा आढळलेल्या नाहीत. म्हणूनच मी यंत्रांवर कायमची बंदी घाला असं म्हणत नाही. प्रश्न सुटलेला नाही, आणि न सुटलेला प्रश्न सुटलेला म्हणून विकला जातो आहे, हे माझं म्हणणं आहे.

बाहेरच्या नियामकांनी यावर गप्प बसणं पसंत केलं नाही. ३० जुलै २०१८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. ही यंत्रं गर्भाशयमुखाच्या वा योनीमार्गाच्या कर्करोगपूर्व पेशी आणि जननेंद्रियांवरच्या चामखिळी नष्ट करण्यासाठी मंजूर आहेत, रजोनिवृत्तीच्या तक्रारींसाठी किंवा 'योनीच्या पुनरुज्जीवना'साठी त्यांना मंजुरी नाही, असं स्पष्ट सांगितलं. भाजणं, व्रण पडणं, संबंधाच्या वेळी आणि कायम राहणारं दुखणं अशा तक्रारी आल्याचं सांगितलं. सात कंपन्यांना पत्रं गेली. तेव्हाचे आयुक्त स्कॉट गॉटलिब यांनी या जाहिराती फसव्या असल्याचं स्वतःच्या निवेदनात म्हटलं. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने मे २०२१ मध्ये हा उपचार फक्त संशोधनात करावा असं मार्गदर्शन दिलं. आपल्याकडे असा एक कागद मराठीत कुठे असता, तर मी तो दुकानाच्या दर्शनी भागात लावला असता.

सगळ्यात जास्त जिवाला लागणारी गोष्ट स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायकांची. आजार उलटू नये म्हणून त्यांना दिल्या जाणाऱ्या, इस्ट्रोजेन तयार करणारं अॅरोमाटेज हे विकर रोखणाऱ्या गोळ्या पाच-पाच, सात-सात वर्षं चालतात आणि त्या शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही काढून घेतात. पस्तिशी-चाळिशीतल्या मुलींना सत्तरीतल्या बाईसारखा कोरडेपणा येतो. काही जणी त्यापायी गोळ्या अर्धवट सोडून देतात. मी स्वतः गोळ्यांचं पुढचं पाकीट न नेणाऱ्यांना फोन करून विचारलेलं आहे आणि हे उत्तर ऐकलेलं आहे. 'हार्मोन चालत नाही ना, मग लेझर तुमच्यासाठीच आहे,' हे त्यांना सांगणं फार सोपं असतं. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी नेमक्या अशाच बायकांवर खऱ्या-खोट्या लेझरची तुलना केली आणि २०२३ मध्ये निकाल छापला: दोन्ही गटांत सुधारणा, पण दोघांत फरक नाही. जिचे केस गेले, स्तन गेला, बचत गेली, तिच्याकडून या उपचाराचे पैसे घेताना तरी हा निकाल तिला वाचून दाखवायला हवा की नको? तिच्यासाठी रस्ते आहेत. ओलावा टिकवणारी बिनहार्मोनची जेल नियमित, संबंधाच्या वेळी वंगण, ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, आणि एवढ्याने भागलं नाही तर कर्करोगतज्ज्ञाशी बोलून पुढचा निर्णय. अॅरोमाटेज रोखणारी गोळी चालू असताना योनीमार्गातल्या इस्ट्रोजेनबाबत जास्त सावध राहावं लागतं, कारण डेन्मार्कच्या मोठ्या नोंदींत त्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. पण हे सगळं बोलायला वेळ द्यावा लागतो.

आता एका बाईची फाईल. तिची परवानगी घेऊन लिहिते. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. बाहेरच्या अंगाला खाज आणि पांढरट डाग, बसताना आग, अशी तक्रार घेऊन त्या एका शहरातल्या दवाखान्यात गेल्या. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण माझं भांडण एका दवाखान्याशी नाही. तिथे त्यांची पहिली भेट समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलीशी झाली. तीन बैठकांचे पैसे एकदम भरले तर सवलत, असं तिने सांगितलं. बाईंनी पेन्शनच्या खात्यातून ते भरले. फाईलमधला संमतीचा कागद मी वाचला. एक पान, इंग्रजीत, आणि तोच कागद चेहऱ्याच्या लेझरलाही वापरला जात असावा, कारण त्यात 'उन्हात जाणे टाळा' अशी सूचना होती. पुरावा अपुरा आहे, तुलना केलेल्या चाचण्यांत फरक दिसलेला नाही, पर्याय म्हणून क्रीम आहे, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. तपासणीची नोंद अडीच ओळींची. दुसऱ्या बैठकीनंतर बाईंना लघवीला बसवेना. तिसरी बैठक त्यांनी केली नाही, पैसेही परत मिळाले नाहीत.

नंतर एका वयस्कर डॉक्टरबाईंनी त्यांना टेबलावर घेऊन, दिवा जवळ ओढून, नीट पाहिलं. तो लायकेन स्क्लेरोसस निघाला. हा बाह्य जननेंद्रियांच्या त्वचेचा वेगळा आजार आहे. त्याला जोरकस स्टेरॉइडचं मलम लागतं, क्लोबेटासॉलचं, तेही मोजून, योग्य जागी आणि देखरेखीखाली; आणि दुर्लक्ष केलं तर त्यात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. या आजारावरही लेझर देऊन पाहिला गेला आहे आणि खोट्या लेझरशी केलेल्या अमेरिकी तुलनेत त्याचाही ठोस फायदा दिसला नाही. बाईंना ती ट्यूब मीच दिली. किंमत दीडशे रुपयांच्या आत. सहा आठवड्यांत त्या रात्री झोपू लागल्या.

दिवा जवळ ओढून पाहायला कुणालाच वेळ का नव्हता, याचं उत्तर मला आपल्याकडून हवं आहे. खाज आणि आग या दोन तक्रारींमागे कोरडेपणा असतो, मधुमेहातली बुरशी असते, लायकेन असतो, एखाद्या साबणाची वा पॅडची अॅलर्जी असते, क्वचित कर्करोगही असतो. पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी त्याची तपासणी झालीच पाहिजे, हे आपणच विद्यार्थ्यांना शिकवता. या सगळ्यांवर एकच नळी फिरवणं कोणत्या वैद्यकात बसतं?

क्रीमबद्दल बोलायला हवं, कारण क्रीम न दिल्यामुळेच लेझर विकला जातो. एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्या प्रकाराचं योनीमार्गात लावायचं क्रीम आपल्याकडे मिळतं, ट्यूब काही शे रुपयांना येते. आधी दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. एक ट्यूब कितीतरी दिवस पुरते. कोरडेपणा, संबंधातलं दुखणं, आम्लता या सगळ्यांवर ते बिनऔषधी क्रीमपेक्षा सरस ठरल्याचे बरेच अभ्यास आहेत. मी वर सांगितलेली ३०२ बायकांची चाचणी हा त्याला असलेला अपवाद, आणि तो लपवायचं कारण नाही. वारंवार होणाऱ्या लघवीच्या संसर्गावर तर त्याचा परिणाम लख्ख दिसतो. इस्रायलमध्ये ९३ बायकांवर झालेली चाचणी १९९३ मध्ये छापून आली. एस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्यांत वर्षाला सरासरी अर्धा संसर्ग, बिनऔषधी क्रीम लावणाऱ्यांत जवळपास सहा. आणि तीस वर्षांनंतरही माझ्या दुकानात साठीतल्या बायका वर्षभर एकापाठोपाठ एक प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या घेऊन येतात, क्रीमची चिठ्ठी एकीच्याही हातात नसते. औषधांना न जुमानणारे जंतू वाढले म्हणून आपण परिषदा भरवतो. त्यातले काही याच चिठ्ठ्यांतून वाढलेले आहेत.

ज्यांना क्रीम मिळतं त्यातल्याही अर्ध्या जणी ते परत आणतात. खोक्यातला कागद उलगडला की गर्भाशयाचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग, पक्षाघात असं सगळं तिथे लिहिलेलं. यातला बराचसा इशारा आला तो २००२ मध्ये थांबवलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतून, आणि त्या चाचणीत पोटात घ्यायच्या गोळ्या होत्या. योनीमार्गात लावलेल्या कमी मात्रेचं इस्ट्रोजेन रक्तात नगण्य उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये रजोनिवृत्तीच्या हार्मोन औषधांवरचा तो चौकटीतला इशारा काढण्याचं जाहीर केलं. पण मी काउंटरवरून पाच मिनिटं समजावलं तरी बाईच्या मनातली भीती जात नाही, ती डॉक्टरांच्या तोंडून दोन वाक्यं ऐकली तर जाईल. ती दोन वाक्यं बोलली जात नाहीत आणि त्या भीतीवरच 'हार्मोन नाही' ही जाहिरात उभी राहते.

या राज्याला ही वाट नवी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालायची आणि टेबलावर घ्यायचं, असं तिथे घडल्याचं बायकांनी सांगितलं. ज्यांचे बीजकोशही काढले गेले त्यांची रजोनिवृत्ती एका दिवसात झाली, तिशीत. कोयता घेऊन सकाळपासून फडात वाकणाऱ्या बाईला योनीमार्गाची आग होत असेल तर तिने काय करायचं? तिला लेझर कुणी विकायला जाणार नाही, कारण तिच्याकडे पैसे नाहीत. पण काही शे रुपयांचं क्रीमही तिच्यापर्यंत गेलेलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलेल्या ज्या बायका मला भेटतात त्यांच्या हातात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतात, हे औषध नसतं. दुखणं एकच. पैसे असलेल्या बाईला पुरावा नसलेलं यंत्र मिळतं आणि नसलेल्या बाईला पुरावा असलेली ट्यूबसुद्धा मिळत नाही.

म्हणून आपल्याकडे पुढील गोष्टी मागते.

वैद्यक परिषदेने जाहिरातींपासून सुरुवात करावी. डॉक्टरांनी रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करू नये, हे २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत लिहिलेलं आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या तिसऱ्या कलमात लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याच्या वा वाढवण्याच्या दाव्याची जाहिरात करायला मनाई आहे आणि त्या कायद्यात औषध या शब्दाची व्याप्ती पुष्कळ मोठी आहे. 'योनी पुन्हा तरुण करा' हे पत्रक त्यात बसतं की नाही, यावर परिषदेने कायदेशीर मत घ्यावं आणि ते जाहीर करावं. नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही.

यंत्रांचं म्हणाल तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली ती आता परवान्याच्या कक्षेत आहेत. आपल्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या परवान्यावर कोणता उपयोग लिहिलेला आहे, हे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून मागवून घ्या आणि लोकांसमोर ठेवा. परवान्यात एक आणि पत्रकात दुसरं असेल तर ते दिसू दे.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांना माझी विनंती जास्त कळकळीची आहे, कारण काम तुमच्या हातात आहे. 'नाइस'ने घेतली तशी भूमिका जाहीर घ्या. तुमच्या परिषदांत या यंत्रांचे स्टॉल लागतात, त्याच सभागृहात सिडनी आणि बार्सिलोनाच्या निकालांवर तासभर चर्चा ठेवा. ज्यांना लेझरवर मनापासून विश्वास आहे, त्यांनी आपल्याकडच्या रुग्ण बायकांवर खऱ्या-खोट्या लेझरची रीतसर चाचणी करावी, नैतिकता समितीच्या मान्यतेने, फुकट. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयांची कमतरता नाही, आणि अशा चाचणीत नाव नोंदवायला बायका माझ्या दुकानातूनही येतील. तोवर जिला हा उपचार घ्यायचाच आहे तिच्यासाठी मराठीत संमतीपत्र असावं आणि त्यात चाचण्यांचे निकाल आकड्यांसह असावेत. आगाऊ पैसे घेऊन बैठकांचं पॅकेज विकणं बंद व्हावं. क्रीम किमान तीन महिने नीट वापरून पाहिल्याची नोंद फाईलवर असावी. उपचारानंतर भाजलं, चिघळलं, दुखणं वाढलं तर त्याची नोंद करायला देशात मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांवर लक्ष ठेवण्याचा कार्यक्रम २०१५ पासून आहे. तिथे या यंत्रांच्या तक्रारी कुणी पाठवतं का? रुग्णाला तो अर्ज कसा भरायचा हे डॉक्टरांनी सांगावं, आम्हा औषधविक्रेत्यांनाही तो भरता यावा. मुख्याध्यापिका बाईंची तक्रार आम्ही दोघी मिळून पाठवतो आहोत.

आणि चाळिशी ओलांडलेली कोणतीही बाई कशासाठीही तपासायला आली, गुडघ्यासाठी, साखरेसाठी, रक्तदाबासाठी, तरी तिला विचारा: खाली कोरडं वाटतं का, आग होते का, लघवीला त्रास होतो का? बायका स्वतःहून सांगत नाहीत, पण विचारलं की लगेच सांगतात. हा माझ्या काउंटरवरचा रोजचा अनुभव आहे.

या पत्राची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि आमच्या केमिस्ट संघटनेला देत आहे. जाहिरातींबाबत परिषदेने काय ठरवलं आणि संघटनांनी कोणती भूमिका घेतली, याचं लेखी उत्तर मिळावं. ते मराठीत दिलंत तर मी त्याच्या प्रती काढून दुकानात येणाऱ्या बायकांना वाटेन.

आपली विश्वासू,
सांगली जिल्ह्यातली एक औषधविक्रेती